टेरी रायली यांचे संगीत कसे ऐकावे आणि ‘इन सी’ कसे वाजवावे

अमेरिकी संगीतकार टेरी रायली यांचे नाव मिनिमलिझम या संगीतप्रवाहाच्या आद्य प्रवर्तकांमध्ये घेतले जाते. मोजके स्वर, सुरावटींचे छोटे तुकडे, त्यांची दीर्घ पुनरावृत्ती, अखंड चालणारी स्थिर लय आणि अगदी सावकाश घडणारा बदल ही या प्रवाहाची ठळक लक्षणे आहेत. ला माँट यंग, टेरी रायली, स्टीव्ह राइश आणि फिलिप ग्लास या चौघांनी १९६० च्या दशकात तो उभा केला. या चौघांपैकी रायली यांच्याकडे मराठी श्रोत्याने विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण त्यांनी आयुष्याची पंचवीसहून अधिक वर्षे किराणा घराण्याच्या गवयाकडे रीतसर तालीम घेतली. हे मार्गदर्शन ख्याल ऐकण्याची सवय असलेल्या, परंतु पाश्चात्त्य स्वरलेखनाशी फारसा परिचय नसलेल्या वाचकासाठी आहे. पहिल्या भागात त्यांचे संगीत कोणत्या क्रमाने आणि काय धरून ऐकावे हे सांगितले आहे, तर दुसऱ्या भागात ‘इन सी’ ही त्यांची सर्वांत गाजलेली रचना आपल्याकडच्या वाद्यांवर कशी बसवता येईल हे सांगितले आहे.

ऐकायला बसण्यापूर्वी

एका बैठकीत एकच रचना ऐकावी आणि ती पूर्ण ऐकावी. पहिली पाच मिनिटे ऐकून पुढे सरकवत नेल्यास या संगीतातले काहीच हाती लागत नाही, कारण बदल इतका हळू होतो की तो झाल्यानंतरच लक्षात येतो. शक्य असल्यास हेडफोन न वापरता खोलीतल्या स्पीकरवर ऐकावे. अनेक वाद्यांचे आवाज हवेत एकमेकांत मिसळून जे नाद निर्माण होतात, त्यांना या रचनांत फार महत्त्व आहे.

ख्यालाच्या श्रोत्याला एक सवय काही काळ बाजूला ठेवावी लागते, ती म्हणजे समेची वाट पाहण्याची. येथे मुखडा नाही, आवर्तन नाही आणि सगळे एकत्र येऊन टेकतात अशी ठरलेली जागाही नाही. दुसरी सवय मात्र जपून ठेवावी. आलापात एकाच स्वराभोवती गवई बराच वेळ रेंगाळतो, तेव्हा आपण कंटाळत नाही, उलट त्या स्वराच्या लगावातले बारकावे टिपू लागतो. रायली ऐकताना नेमके हेच करायचे असते.

पहिली पायरी : ‘इन सी’

सुरुवात ‘इन सी’पासूनच करावी आणि त्यासाठी कोलंबिया कंपनीने १९६८ मध्ये काढलेले ध्वनिमुद्रण निवडावे. ते सुमारे ४२ मिनिटांचे आहे. त्यात ११ वादक आहेत, मात्र त्यांचे वादन एकावर एक मुद्रित केल्यामुळे वाद्यवृंद त्याहून बराच मोठा भासतो. रायली स्वतः त्यात सॅक्सोफोन वाजवतात.

रचनेची पार्श्वभूमी माहीत असेल तर ती समजायला सोपी जाते. रायली यांचा जन्म २४ जून १९३५ रोजी कॅलिफोर्नियातील कोलफॅक्स या छोट्या गावी झाला. बर्कली येथे कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असताना त्यांची ला माँट यंग यांच्याशी मैत्री झाली. यंग त्या वेळी एकेक स्वर कितीतरी वेळ लांबवणाऱ्या रचना करत होते. शिक्षणाचा आणि घरचा खर्च भागवण्यासाठी रायली सॅन फ्रान्सिस्कोतील एका मद्यालयात पियानोवर रॅगटाइम ही उसळत्या लयीची जुनी अमेरिकी शैली वाजवत असत. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते युरोपात गेले, मोरोक्कोतले संगीत त्यांनी ऐकले आणि १९६३ मध्ये पॅरिसला ट्रम्पेटवादक चेट बेकर यांच्या वादनाच्या ध्वनिफितींवर प्रयोग केले. १९६४ मध्ये ते अमेरिकेत परतले आणि त्याच वर्षी ‘इन सी’ लिहिले गेले. ४ नोव्हेंबर १९६४ रोजी सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटर येथे त्याचा पहिला प्रयोग झाला. वादकांमध्ये स्टीव्ह राइश, पॉलीन ऑलिव्हेरोस, जॉन गिब्सन आणि मॉर्टन सबॉटनिक होते.

त्या काळी युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांत गुंतागुंतीच्या गणिती मांडणीला आणि केंद्रस्वर टाळण्याला प्रतिष्ठा होती. अशा वातावरणात रायली यांनी ‘सी’ म्हणजे आपल्या पेटीवादकांच्या भाषेत पांढरी एक हा स्वर मधोमध ठेवला आणि अवघ्या ५३ छोट्या स्वराकृती एका पानावर लिहून दिल्या. प्रत्येक वादकाने त्या क्रमाने वाजवायच्या, पण कोणती आकृती किती वेळा म्हणायची हे ज्याचे त्याने ठरवायचे. वारीच्या दिंडीत कोणी दोन पावले पुढे, कोणी दोन मागे असतो, पण दिंडी सोडून कोणी जात नाही, तसे हे चालते.

पहिल्या ऐकण्यात फक्त पियानोवर सतत वाजणारा तार षड्ज धरून ठेवावा. ही नाडी मूळ कल्पनेत नव्हती. तालमींत वादक एकमेकांपासून सुटू लागले, तेव्हा स्टीव्ह राइश यांनी ती सुचवली. दुसऱ्या ऐकण्यात एखादे वाद्य निवडून शक्य तितका वेळ त्याच्यामागे जावे. तिसऱ्या ऐकण्यात कोणत्याही वाद्यामागे न जाता स्वरांचा रंग कधी पालटतो याकडे लक्ष द्यावे. आरंभी षड्ज आणि गंधाराचे राज्य असते, चौदाव्या आकृतीबरोबर तीव्र मध्यम डोकावतो आणि सगळ्या नादाला वेगळीच झळाळी येते. शेवटच्या टप्प्यात कोमल निषाद येतो आणि रचना त्याच्या सावलीतच संपते. हे ऐकताना कधी बिहाग, कधी खमाज मनात येईल, परंतु रागाचे नाव शोधत बसू नये. त्या नावाबरोबर येणाऱ्या अपेक्षा ही रचना पुऱ्या करणार नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो आपल्याकडे अभिमानाने सांगितला जातो. ‘इन सी’ भारतीय संगीताच्या शिक्षणातून जन्मले असे म्हणणे बरोबर नाही. रायली यांची रागसंगीताची तालीम १९७० मध्ये, म्हणजे या रचनेनंतर सहा वर्षांनी सुरू झाली. जॅझ, मोरोक्कोचे संगीत, यंग यांचे लांब स्वर आणि ध्वनिफितींचे प्रयोग यांतून ते आधीच पुनरावृत्तीपर्यंत पोहोचले होते. पुनरावृत्ती आणि आधारस्वर यांचे महत्त्व स्वतःच्या वाटेने कळलेला हा परिपक्व संगीतकार नंतर पूर्ण विद्यार्थी होऊन गुरूपुढे बसला, ही गोष्ट मला त्या गैरसमजापेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

दुसरी पायरी : ध्वनिफितीचे संगीत

‘इन सी’ अंगवळणी पडल्यावर १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ रेनबो इन कर्व्ड एअर’कडे वळावे. शीर्षकरचना साधारण १९ मिनिटांची आहे. ऑर्गन आणि अन्य कळफलक वाद्यांचे थर रायली यांनी एकट्याने वाजवून एकावर एक मुद्रित केले आहेत. ऐकताना खालच्या पट्टीत फिरत राहणारी आकृती एका कानाने धरावी आणि वरच्या वेगवान तानांकडे दुसऱ्या कानाने पाहावे. नगमा सांभाळणारा साथीदार आणि त्यावर खेळणारा तबलावादक ऐकण्याची ज्याला सवय आहे, त्याला हे विभाजन अवघड जाणार नाही.

त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूला रायली यांचे सोप्रानो सॅक्सोफोन ऐकू येते आणि तेथे त्यांचे आवडते तंत्र कानाने उलगडता येते. पॅरिसच्या स्टुडिओत एका तंत्रज्ञाने दोन टेपरेकॉर्डर अशा रीतीने जोडून दिले की एकाच फितीवर पहिले यंत्र मुद्रण करी आणि ती फीत तशीच पुढे सरकून दुसऱ्या यंत्रातून वाजे. दुसऱ्या यंत्राचा आवाज पुन्हा पहिल्याकडे पाठवला की वाजवलेला प्रत्येक तुकडा काही क्षणांनी परत येई आणि त्यावर नवा तुकडा चढे. दोन यंत्रांतील अंतर वाढवले की परत येण्याचा वेळही वाढे. या साखळीच्या बळावर रायली यांनी १९६७ पासून रात्रभर चालणाऱ्या एकल मैफली केल्या. श्रोते अंथरूण-पांघरूण घेऊन येत असत. पुढे ब्रायन इनो आणि रॉबर्ट फ्रिप या इंग्लिश संगीतकारांनी हीच रचना वापरून आपापले संगीत घडवले. आज वादक पायाने दाबायचे जे लूपर यंत्र वापरतात, त्यामागेही हीच कल्पना आहे.

या टप्प्यावर रॉक संगीतातील एक गाणे आवर्जून ऐकावे. इंग्लंडच्या ‘द हू’ या गटाने १९७१ मध्ये काढलेल्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या आरंभी ऑर्गनच्या स्वरांची जी अखंड लड ऐकू येते, तिच्यावर रायली यांच्या शैलीचा उघड ठसा आहे. गाण्याच्या नावातील ‘रायली’ म्हणजे टेरी रायली आणि ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबा. पुण्यात जन्मलेल्या मेहेरबाबांची समाधी अहिल्यानगरजवळच्या मेहेराबादला आहे आणि या गटाचे पीट टाउनशेंड त्यांचे अनुयायी होते.

तिसरी पायरी : किराण्याची तालीम

रायली यांचे गुरू पंडित प्राणनाथ यांचा जन्म १९१८ मध्ये लाहोरला झाला. ते उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य होते. अब्दुल वहीद खाँ हे मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांचे भाऊबंद, आणि अतिविलंबित बढतीचे किराण्यातले थोर आचार्य. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने यांनाही वहीद खाँ यांची तालीम मिळाली होती, म्हणजे प्राणनाथ नात्याने त्यांचे गुरुबंधू लागतात. महाराष्ट्रात घरोघरी ऐकली गेलेली किराण्याची शाखा आणि कॅलिफोर्नियात पोहोचलेली ही शाखा एकाच बुंध्यावरच्या आहेत.

१९७० मध्ये प्राणनाथ अमेरिकेत आले आणि यंग व रायली या दोघांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. रायली त्यांच्याबरोबर भारतात आले, तानपुऱ्यावर आणि तबल्यावर त्यांना साथ करू लागले, आणि १९९६ मध्ये गुरूंचे निधन होईपर्यंत हे नाते टिकले. १९७१ पासून ते ओकलंडच्या मिल्स कॉलेजमध्ये भारतीय संगीत शिकवू लागले. स्वतःच्या रचना लिहून काढण्याचे काम या काळात त्यांनी जवळजवळ थांबवले होते.

ऐकण्याचा क्रम असा ठेवावा. आधी अब्दुल वहीद खाँ यांच्या उपलब्ध असलेल्या मोजक्या आकाशवाणी मुद्रणांपैकी दरबारी ऐकावा. मग प्राणनाथांची तोडी आणि दरबारी ऐकावी आणि त्यांचा अतिशय सावकाश, जवळजवळ हट्टी वाटावा असा स्वरलगाव लक्षात ठेवावा. त्यानंतर रायली यांचे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेले ‘श्री कॅमल’ लावावे. त्यातील इलेक्ट्रिक ऑर्गन नेहमीच्या पेटीसारखा समसंस्कारित, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून लावलेल्या स्वरांत नसून शुद्ध प्रमाणांत लावलेला आहे. सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग; समसंस्कारित गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो, तर ५:४ या प्रमाणातला गंधार सुमारे ३८६ सेंटवर. तानपुऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार हाच. पेटीचा गंधार आणि तानपुऱ्याचा गंधार यांतले भांडण ज्याने कधी ऐकले आहे, त्याला ‘श्री कॅमल’मधली शांतता कोठून येते हे लगेच समजेल. पियानो याच पद्धतीने लावून केलेली ‘द हार्प ऑफ न्यू अल्बियन’ ही रचना पुढची. ती लांब आहे, पण घाई करू नये.

चौथी पायरी : तंतुवाद्यांसाठीच्या रचना

मिल्स कॉलेजमध्येच क्रोनॉस क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या गटाचे संस्थापक डेव्हिड हॅरिंग्टन यांची रायली यांच्याशी गाठ पडली आणि त्यांच्या आग्रहामुळे रायली पुन्हा स्वरलेखनाकडे वळले. या चौकडीसाठी त्यांनी केलेल्या रचनांपैकी ‘सलोमे डान्सेस फॉर पीस’ सर्वांत मोठी, आणि ‘सन रिंग्ज’ सर्वांत वेगळी. २००२ सालच्या या दुसऱ्या रचनेत अंतराळयानांवरील उपकरणांनी टिपलेल्या लहरींचे ध्वनी वापरले आहेत. माझ्या मते नवख्या श्रोत्याने १९८० मधील ‘सनराइज ऑफ द प्लॅनेटरी ड्रीम कलेक्टर’पासून आरंभ करावा. ती आटोपशीर आहे आणि ‘इन सी’चे तुकडे जोडण्याचे तत्त्व चार वाद्यांत स्पष्ट दिसते.

‘इन सी’ आपल्या वाद्यांवर बसवताना

ही रचना कोणत्याही वाद्यांवर, कितीही जणांनी वाजवावी असे रायली यांच्या सूचनांतच आहे. सुमारे ३५ वादक असल्यास उत्तम, पण कमी-अधिक चालतात. मालीतील आणि चीनमधील वादकांनी ती आपापल्या वाद्यांवर मुद्रित केली आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन रागा मॅसिव्ह या गटाने २०१७ मध्ये सतार, सरोद, बासरी अशा वाद्यांनिशी केलेले मुद्रण तर आपल्या वादकांनी तालमीपूर्वी ऐकावेच.

आठ-दहा जणांचा गट पुरेसा आहे. सर्वांनी पांढरी एकमध्ये वाद्ये लावावीत. दोन्ही मध्यम आणि दोन्ही निषाद लागतात, त्यामुळे संतूरवादकाने तारा आधीच तशा लावून घ्याव्यात. गायकांनी आकाराने किंवा त्यांना सोयीच्या कोणत्याही स्वर-व्यंजनांवर आकृती म्हणाव्यात. एखादी आकृती आपल्या वाद्यावर निघतच नसेल तर ती वगळण्याची मुभा आहे. एक सप्तक वर वाजवलेलेही चालते. खाली मात्र लांब स्वरांच्या आकृतीच खुलतात.

पहिली तालीम फक्त पहिल्या पाच आकृतींवर करावी. पहिलीत षड्जाचा कण घेतलेला गंधार तीनदा येतो, प्रत्येकी एक मात्रा, म्हणजे एकूण तीन मात्रा. दुसरी दोन मात्रांची आहे : षड्जाच्या कणासह ग आणि म अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे, मग पूर्ण मात्रेचा ग. निम्म्या गटाने पहिली आणि निम्म्याने दुसरी धरून ठेवावी. दर सहा मात्रांनी दोन्ही आकृतींचे आरंभ जुळतात, ते हाताने टाळी न देता फक्त कानाने ओळखायला शिकावे. मग चौथी आणि पाचवी घ्यावी. चौथीत अर्धी मात्रा विश्रांती आणि पुढे ग म प, तर पाचवीत आधी ग म प आणि शेवटी अर्धी मात्रा विश्रांती. स्वर तेच, लांबी तीच, फक्त मोकळी जागा सरकली आहे. दोन वादकांनी या दोन आकृती एकत्र वाजवल्या की एकाच्या स्वरामागे अर्ध्या मात्रेने दुसऱ्याचा तोच स्वर येतो आणि कोणीही न लिहिलेली तिसरीच सुरावट ऐकू येते. संपूर्ण रचनेचे मर्म या एका जोडीत आहे, म्हणून येथे हवा तेवढा वेळ घालवावा.

नाडी देण्यासाठी एकाला बसवावे. तार षड्ज अर्ध्या-अर्ध्या मात्रेला, एकसारख्या जोराने, आरंभापासून शेवटपर्यंत वाजत राहिला पाहिजे. जलतरंग, संतूर किंवा साधा कीबोर्ड यासाठी चालेल, आणि काम थकवणारे असल्यामुळे दोघांनी आलटून पालटून केले तर बरे. तबल्याने ठेका धरू नये, कारण ठेक्याबरोबर सम येते आणि मग सगळे वादक नकळत तिच्याकडे झुकू लागतात. तबलावादकाने आकृतींची लय हलक्या हाताने वाजवावी. तानपुराही मी लावणार नाही. आधाराला नाडीचा षड्ज पुरतो आणि मधल्या टप्प्यात तीव्र मध्यमाभोवती जो नाजूक बदल होतो, त्यावर तानपुऱ्याचा पंचम आणि मध्यसप्तकातला गुंजारव पडदा टाकतो.

प्रत्येक आकृती साधारण पाऊण ते दीड मिनिट म्हणावी, असे मूळ सूचना सांगतात. कोणीही इतरांपेक्षा दोन-तीन आकृतींहून अधिक पुढे पळू नये किंवा मागे राहू नये. हे सांभाळण्याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे अधूनमधून वाद्य खाली ठेवून ऐकणे, आणि तोही सूचनांचाच भाग आहे. आपल्या वादकांना हेच सर्वांत जड जाते, कारण मैफलीत गप्प राहिलेला साथीदार चुकला असे समजले जाते. येथे तसे नाही. पुन्हा सुरू करताना आपली आकृती इतरांच्या कोणत्या जागी बसवली तर नवा गुंता तयार होईल हे आधी मनात म्हणून पाहावे. सगळ्या गटाने निदान एक-दोनदा एकाच आकृतीवर एकत्र यावे. आवाज एकदम वाढवणे किंवा उतरवणेही सर्वांनी मिळून करावे. कोणाचे वाद्य सतत वर तरंगत असेल तर तालमीनंतर ते सरळ सांगावे. या रचनेत मुख्य कलाकार नाही आणि पस्तिसावी, म्हणजे सर्वांत लांब आणि गेय आकृती आली तरी तिला एकल वादनासारखे पुढे आणू नये.

अखेरची आकृती कोमल निषाद आणि पंचम यांची जलद अदलाबदल आहे. तिच्यापाशी जो पोहोचेल त्याने सगळे येईपर्यंत थांबून ती वाजवत राहावी. सर्वजण आले की गटाने आवाज काही वेळा चढवावा आणि उतरवावा, आणि त्या चढउतारात ज्याला वाटेल तसे एकेकाने थांबत जावे. पूर्ण प्रयोगाला पाऊण ते दीड तास लागेल असे धरून सभागृहाची वेळ घ्यावी. स्वरलेखन एका पानाचे असून ते प्रकाशकाकडून रीतसर विकत मिळते. ज्यांना पाश्चात्त्य लिपी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी गटातील एकाने ५३ आकृती भातखंडे पद्धतीने लिहून काढाव्यात, मात्र विश्रांतीच्या जागा लिहिताना विशेष काळजी घ्यावी. तिकीट लावून कार्यक्रम करायचा असल्यास सादरीकरणाची परवानगी आधीच मागून ठेवावी.